रुग्णसेवा : शिकून अदा करावयाची इबादत



प्रिय वाचकहो, एखाद्या आप्ताला श्वासासाठी झगडताना पाहिले नाही, असे घर आपल्यात क्वचितच असेल. न्यूमोनिया, तीव्र फ्लू किंवा काही वर्षांपूर्वीचा कोविड यांमुळे अब्बा, अम्मी किंवा दादी रुग्णालयात दाखल होतात, नाकातोंडावर मास्क चढतो आणि बाहेरच्या बाकावर बसून आपण तसबीह फिरवीत दुआ मागू लागतो. दुआ हा ईमानधारकाचा मोठा आधार आहे, यात शंका नाही. परंतु दुआसाठी उचललेले हेच हात थोड्या वेळाने रुग्णाच्या खाटेपाशी जातात. तेथे ते काय करतात, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

नमाज ही इबादत आहे, म्हणून आपण तिचे फर्ज आणि सुन्नती शिकतो. वुजूत कोपर कोरडे राहिले तर काय होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. हजला जाणारा मनुष्य महिनोन्महिने त्याचे अरकान पाठ करतो. रुग्णसेवाही इबादत आहे, असे आपण सारेच म्हणतो; मात्र ती शिकण्याची गरज आपल्याला वाटत नाही. मनात प्रेम आहे एवढे पुरेसे मानून आपण खाटेपाशी उभे राहतो आणि कधी कधी त्या प्रेमानेच रुग्णाला इजा होते.

रुग्णसेवेचा दर्जा

सहीह मुस्लिममध्ये ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीसे कुदसी आहे. तिचा आशय असा की, कयामतच्या दिवशी अल्लाह आपल्या दासाला विचारील की मी आजारी होतो, तरी तू माझी विचारपूस का केली नाहीस? दास चकित होईल, कारण विश्वाच्या पालनकर्त्याला आजार कसा असेल? तेव्हा त्याला सांगितले जाईल की अल्लाहचा अमुक दास आजारी होता. त्याच्याकडे तू गेला असतास, तर अल्लाहला त्याच्याजवळच पावला असतास. याच हदीसमध्ये भुकेल्याला अन्न देण्याचा आणि तहानलेल्याला पाणी देण्याचाही उल्लेख आहे. तेथे मात्र त्या कृत्याचा मोबदला अल्लाहपाशी मिळाला असता, असे म्हटले आहे; प्रत्यक्ष अल्लाहच्या सान्निध्याची गोष्ट रुग्णाच्या बाबतीत आली आहे. रुग्णाची खाट ही केवढी जागा आहे, याचा अंदाज यावरून यावा.

दुसरे उदाहरण बद्रच्या लढाईचे आहे. हिजरी सन २ मध्ये मुस्लिमांची मूठभर फौज बद्रकडे निघाली, तेव्हा ह. उस्मान (रजि.) यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या (स.) कन्या ह. रुकय्या (रजि.) अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रेषितांनी (स.) ह. उस्मान यांना मदीनेत थांबून पत्नीची शुश्रूषा करण्यास सांगितले आणि बद्रमध्ये हजर राहणाऱ्याइतकेच पुण्य व गनिमतीचा तितकाच वाटा त्यांना मिळेल, असे आश्वासन दिले. हे सहीह बुखारीत नमूद आहे. ज्या लढाईवर इस्लामचे भवितव्य अवलंबून होते, तिच्यातील हजेरीच्या तोडीची हजेरी एका आजारी स्त्रीच्या उशाशी लावली गेली! ह. रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत; तरीही ह. उस्मान (रजि.) यांच्या सेवेचे मोल कमी झाले नाही. सेवेचा मोबदला रुग्ण बरा होण्यावर अवलंबून नसतो, हेही आपण येथे लक्षात ठेवावे.

खंदकच्या लढाईत ह. सअद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मस्जिदे नबवीतच तंबू उभारला, जेणेकरून जवळून त्यांची विचारपूस करता यावी. सीरतच्या ग्रंथांत तेथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या ह. रुफैदा असलमिया (रजि.) यांचे नाव आदराने येते. मस्जिदीच्या अंगणात रुग्णासाठी जागा करणारा हा दीन आहे.

अज्ञानाने केलेली सेवा

अबू दाऊदमधील एक घटना मात्र आपल्याला सावध करते. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्यांना गुस्लची गरज पडली. त्यांनी सोबत्यांना विचारले की मला तयम्मुमची सवलत आहे काय? पाणी उपलब्ध असताना सवलत कशी, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी गुस्ल केले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. हे कळले तेव्हा प्रेषित (स.) अत्यंत नाराज झाले. त्या लोकांनीच त्याचा जीव घेतला असे ठरवून, ठाऊक नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, अज्ञानावर विचारणे हाच उपाय आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले.

बंधू-भगिनींनो, त्या सोबत्यांच्या मनात वाईट काही नव्हते. उलट धर्माची कळकळच होती. तरीही त्यांच्या अज्ञानाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली गेली. म्हणून रुग्णाच्या खाटेपाशी पहिला नियम हा की, जे ठाऊक नाही ते आधी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही; ती प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

श्वास अडतो म्हणजे काय होते

आपल्या फुप्फुसांत द्राक्षांच्या घडाप्रमाणे असंख्य सूक्ष्म वायुकोश असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात उतरतो. न्यूमोनियात या कोशांत पाणी व पू साचतो. हवा आत जाते, पण प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचत नाही. शरीर ही तूट भरून काढण्यासाठी श्वासाचा वेग वाढवते. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेते. तोच वेग ३० किंवा त्याहून अधिक झाला की आजार गंभीर मानला जातो. असा रुग्ण एखाद्या चढ चढणाऱ्या माणसासारखा अखंड श्रम करीत असतो. त्याला बोलायला लावणे, उठवणे, चारचौघांच्या प्रश्नांची उत्तरे द्यायला लावणे हा त्या श्रमांवर टाकलेला भार ठरतो.

या रुग्णाला सपाट निजवू नये. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर खाटेची डोक्याकडची बाजू साधारण ३० ते ४५ अंश उंच असावी. त्यामुळे छाती मोकळी होते आणि पोटातील अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. उशी घसरली, रुग्ण खाटेवर खाली सरकला, तर परिचारिकेच्या मदतीने त्याला वर घ्यावे.

फुप्फुसे अतिशय निकामी झाली की डॉक्टर काही रुग्णांना अनेक तास पालथे ठेवतात. फ्रान्स आणि स्पेनमधील रुग्णालयांत झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कृत्रिम श्वासयंत्रावरील अत्यवस्थ रुग्णांना दररोज सलग किमान १६ तास पालथे ठेवले असता २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. नातेवाईक मात्र हे दृश्य पाहून हादरतात. पालथे झोपणे हदीसमध्ये नापसंत केले आहे, असे म्हणून कोणी आक्षेपही घेतो. येथे शरीअतचा स्वभाव समजून घ्यावा. पुरुषांना रेशीम मना असताना ह. जुबैर आणि ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अंगाला खाज सुटल्यामुळे ते वापरण्याची परवानगी प्रेषितांनी (स.) दिली होती. इहरामच्या अवस्थेत केस काढणे मना असताना हुदैबियामध्ये ह. कअब बिन उजरा (रजि.) यांना डोक्यातील उवांच्या त्रासामुळे मुंडन करून फिदया देण्यास सांगण्यात आले. उपचाराच्या गरजेने पालथे ठेवणे किंवा मास्क चेहऱ्याला नीट चिकटावा म्हणून दाढी गरजेपुरती कमी करणे, अशा बाबतींत आलिमांना जरूर विचारावे. पण उपचार अडवून धरू नये. स्त्री-रुग्णाच्या बाबतीतही असेच. शक्य तेवढा पडदा राखण्याची विनंती आपण करू शकतो, परंतु स्त्री-डॉक्टर येईपर्यंत श्वास थांबून राहत नाही. लढायांमध्ये जखमी पुरुषांची शुश्रूषा सहाबी स्त्रियांनी केल्याचे ह. रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनीच कथन केले आहे.

प्राणवायूच्या नळीबाबतही एक चूक वारंवार होते. अब्बांना धाप लागलेली पाहून मुलगा स्वतःच भिंतीवरील खटका फिरवून प्राणवायू वाढवतो. प्राणवायू हे औषध आहे आणि प्रत्येक औषधाप्रमाणे त्याचीही मात्रा असते. वर्षानुवर्षे विडी-सिगारेटमुळे किंवा चुलीच्या धुरामुळे ज्यांची फुप्फुसे खराब झाली आहेत, अशा अनेक रुग्णांत डॉक्टर रक्तातील प्राणवायू मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवतात. कारण त्यांना अधिक प्राणवायू दिल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साचून गुंगी येऊ शकते. बोटावरच्या यंत्राचा आकडा घसरला तर आधी परिचारिकेला हाक मारावी. बोट गार पडले असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर आकडा चुकीचाही दिसतो.

तोंडात पाणी घालण्यापूर्वी

वाचकहो, या लेखातील ही गोष्ट घरातील प्रत्येकाला वाचून दाखवावी.

कोणी उमराहून आलेला असतो. बाटलीत जमजम असते. खाटेवरील दादींचे ओठ सुकलेले असतात. मास्क क्षणभर बाजूला सारून, निजलेल्या अवस्थेतच, चमचाभर जमजम त्यांच्या तोंडात घातले जाते. भावना पवित्र असते. परंतु ज्याचा श्वास मिनिटाला ३० वेळा चालला आहे, त्याला गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधता येत नाही. गुंगीतील रुग्णाला तर अजिबात नाही. ते पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि आधीच भरलेल्या फुप्फुसात नवा न्यूमोनिया सुरू होऊ शकतो. मध, खजुराचा गर, सूप, दूध या सर्वांचे असेच आहे. हवेच्या दाबाचा घट्ट मास्क लावलेला असेल तर धोका अधिकच वाढतो, आणि मास्क काढल्याच्या त्या मिनिटभरात प्राणवायूही घसरतो.

जमजममध्ये बरकत आहे, यावर आपला विश्वास आहे. परंतु बरकतीची वस्तूही अल्लाहने घालून दिलेल्या शरीराच्या नियमांतूनच आत जाते. तोंडाने काही देण्याची मुभा आहे का, हे आधी विचारावे. मुभा असेल तर रुग्ण पूर्ण जागा असताना, त्याला उठवून बसते करून, थोडे थोडे द्यावे आणि ठसका लागताच थांबावे. मुभा नसेल तर परिचारिकेच्या परवानगीने ओलसर स्वच्छ कापसाने ओठ व तोंड पुसावे. अन्न नळीवाटे दिले जात असेल तर आपल्या अब्बांना उपाशी ठेवले, असे समजू नये.

सहीह बुखारीत आहे की, प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या तोंडात एका बाजूने औषध घातले. ते नको म्हणून खुणावीत होते. घरच्यांना वाटले, रुग्णाला औषध नकोसे वाटतेच. शुद्धीवर आल्यानंतर त्यांनी याबद्दल नापसंती व्यक्त केली. ते घर प्रेषितांचे (स.) होते आणि ती माणसे त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारी होती. तरीही रुग्णाच्या खुणेकडे दुर्लक्ष करणे गैर ठरले. मग आपण कोण?

आणि त्याच आजारातील एक दुसरा प्रसंग पाहा. प्रेषित (स.) ह. आयेशा (रजि.) यांच्या छातीला टेकून होते. त्यांचे बंधू ह. अब्दुर्रहमान (रजि.) हातात मिसवाक घेऊन आले. प्रेषितांची (स.) नजर मिसवाककडे गेली. बोलण्याची शक्ती नव्हती. ह. आयेशा (रजि.) यांनी ती नजर ओळखली, आपल्यासाठी घेऊ का असे विचारले, मानेने होकार मिळाल्यावर मिसवाक मऊ करून दिली आणि त्यांनी दात स्वच्छ केले. रुग्णसेवेचे तीन धडे या प्रसंगात आहेत : टेकून बसण्यासाठी आधार देणे, न बोलणाऱ्याची नजर वाचणे आणि तोंड स्वच्छ ठेवणे. श्वासयंत्रावरील रुग्णाच्या तोंडाची नियमित स्वच्छता हा आज अतिदक्षता विभागातील काळजीचा आवश्यक भाग आहे, कारण तोंडातील जंतूच खाली फुप्फुसांत उतरतात. दादींची कवळी काढून धुतली जाते का, जीभ व हिरड्या पुसल्या जातात का, हे आपण नम्रपणे विचारावे आणि परवानगी असेल तर स्वतः करावे.

कूस आणि भान

सूरह कहफमध्ये गुहेतील तरुणांचे वर्णन येते. त्या दीर्घ निद्रेत अल्लाह त्यांची कूस उजवीकडे व डावीकडे बदलीत होता. जमिनीने त्यांच्या शरीराला खाऊ नये म्हणून हे होते, असे भाष्यकारांनी सांगितले आहे. जो अल्लाह त्यांना निमिषात वाचवू शकत होता, त्याने कूस बदलण्याचे साधन वापरले. खिळून पडलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही तर माकडहाड, टाचा आणि नितंब यांवर दाबाने जखमा होतात. न्यूमोनिया बरा होतो आणि या जखमा मागे उरतात. कर्मचारी अपुरे असतील तर मदतीचा हात पुढे करावा. मात्र नळ्या लागलेल्या रुग्णाला एकट्याने हलवू नये.

गंभीर आजारात, विशेषतः वृद्धांमध्ये, भान हरपते. शांत स्वभावाचे अब्बा शिव्या देऊ लागतात, नळी ओढतात, घरच्यांना ओळखत नाहीत. यावर कोणी आसेब किंवा जादूटोण्याचा संशय घेतो आणि रुग्णालय सोडून आमिलाकडे धाव घेतो. हा प्राणवायूची कमतरता, ताप, औषधे आणि झोपमोड यांमुळे होणारा भ्रम आहे आणि तो बहुधा ओसरतो. त्यावर घरच्यांकडे उत्तम उपाय आहे. रुग्णाचा चश्मा आणि कानाचे यंत्र त्याला लावावे. जवळ गेल्यावर आपले नाव, आज कोणता वार आणि आपण कोठे आहोत, हे हळू आवाजात सांगावे. अजानची वेळ झाली की असर झाली, मगरिब झाली, असे सांगावे. आयुष्यभर ज्या माणसाचा दिवस पाच वेळांनी बांधलेला होता, त्याला भानावर आणण्यासाठी यापेक्षा ओळखीची खूण कोणती असेल? त्याच्या आवडीची सूरह मंद स्वरात वाचावी. मोबाइलवर मोठ्या आवाजात लावून शेजारच्या रुग्णाची झोप मात्र मोडू नये. तोही अल्लाहचाच दास आहे, मग त्याचा धर्म कोणताही असो.

भेटीस जाणाऱ्यांसाठी

आजाऱ्याची अयादत करणाऱ्यासाठी ७० हजार फरिश्ते दुआ करतात, असा आशय ह. अली (रजि.) यांनी कथन केलेल्या, तिर्मिजीतील हदीसमध्ये आहे. या पुण्याच्या ओढीने एकाच संध्याकाळी पंधरा नातेवाईक वॉर्डात जमतात. परंतु रोगग्रस्त उंट निरोगी उंटांच्या कळपात नेऊ नयेत, ही शिकवणही प्रेषितांचीच (स.) आहे. प्लेगग्रस्त प्रदेशात जाऊ नये आणि तेथून बाहेर पडू नये, हा आदेशही त्यांचाच आहे आणि त्याच्याशी सुसंगत असा परत फिरण्याचा निर्णय ह. उमर (रजि.) यांनी सीरियाच्या वाटेवर घेतला होता. शिंक आली असता प्रेषित (स.) हाताने किंवा कपड्याने चेहरा झाकीत आणि आवाज दाबीत, हे अबू दाऊद व तिर्मिजीत आहे. कच्चा लसूण खाल्लेल्याने मस्जिदीत येऊ नये, एवढी काळजी ज्या दीनने इतरांच्या नाकाची घेतली, तो दीन इतरांच्या फुप्फुसांची काळजी घेणार नाही काय?

म्हणून ज्याला सर्दी-खोकला किंवा ताप आहे, त्याची अयादत म्हणजे घरी राहून केलेली दुआ होय. लहान मुलांना वॉर्डात नेऊ नये. आत जाताना आणि बाहेर येताना हात साबणाने किंवा जंतुनाशक द्रवाने स्वच्छ करावेत. वुजू असल्याने ही गरज संपत नाही. मास्क लावावा. दोन मिनिटे थांबावे, धीराचे शब्द बोलावेत आणि निघावे. प्रेषित (स.) रुग्णाजवळ जात तेव्हा हे आजारपण पापांपासून शुद्ध करणारे ठरो, अशी दुआ देत. अमुक याच आजाराने गेला, अशा बातम्या सांगण्यासाठी ती जागा नाही. आणि भेटीला आला नाही म्हणून रुसून बसणाऱ्या घरच्यांनीही मन मोठे करावे. बाहेर थांबून डबा आणून देणारा किंवा रात्री औषध आणायला धावणारा हाही अयादत करणाराच आहे.

रुग्णाची नमाज आणि रोजा

ह. इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारामुळे त्रास होता. त्यांनी नमाजबद्दल विचारले असता, उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर नमाज अदा करण्याची शिकवण त्यांना मिळाली. म्हणून श्वासाचा रुग्ण टेकून बसल्या जागी इशाऱ्याने नमाज अदा करू शकतो. पाण्याने अपाय होत असेल तर तयम्मुम आहे. सजद्यासाठी प्राणवायूची नळी काढणे, सुई टोचलेला हात वुजूसाठी भिजवणे हे ईशभय नव्हे. बेशुद्धीतील नमाजांचे आणि दोन नमाजी एकत्र करण्याचे नियम मसलकांनुसार वेगळे आहेत. ते आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. रमजानमध्ये आजाऱ्याने नंतर रोजे पूर्ण करावेत, ही सवलत स्वतः कुरआनने सूरह बकरामध्ये दिली आहे. ज्याने सवलत दिली, त्याच्यापेक्षा अधिक धार्मिक होण्याचा प्रयत्न करू नये.

हे ओझे कोणाच्या खांद्यावर?

आता एक अप्रिय वाटेल अशी गोष्ट बोलणे भाग आहे. सासूबाई रुग्णालयात असतात तेव्हा रात्रीची जागरणे कोण करते? बहुतेक घरांत सून. सकाळी घरी परतून सर्वांचा डबाही तीच करते. पुत्र संध्याकाळी कामावरून येतात, डॉक्टरांशी बोलतात आणि निघतात. आईवडिलांशी सद्वर्तनाचा आदेश कुरआनने त्यांच्या संततीला दिला आहे. सून जे करते, तो तिचा एहसान आहे; त्याबद्दल तिचे आभार मानावेत. ज्यांच्यावर हे कर्तव्य आहे त्या मुलांनी आणि मुलींनी पाळ्या ठरवून घ्याव्यात. ह. उस्मान (रजि.) यांचे उदाहरण पुन्हा आठवावे : रुग्णाच्या उशाशी थांबण्यास एका पुरुषाला सांगितले गेले होते, आणि तेही लढाईच्या दिवशी.

खर्चाचा भारही मोठा असतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांमार्फत चालणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव ठेवण्याची योजना उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत सहभागी रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. मोहल्ल्यातील दोन सुशिक्षित तरुणांनी ही माहिती आणि लागणारी कागदपत्रे समजून घेतली, तर अनेक घरे कर्जातून वाचतील. गरजू रुग्ण जकातीचाही हक्कदार आहे. आणि सामूहिक दानाने काय होऊ शकते, हे इचलकरंजीने दाखवून दिले आहे. २०२० च्या रमजानमध्ये तेथील मुस्लिम समाजाने ईदचा खर्च टाळून ३६ लाख रुपये जमविले आणि शहरातील आयजीएम या शासकीय रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. त्या खाटांवर श्वास मिळणाऱ्याला कोणी त्याचा धर्म विचारणार नव्हते.

घरी परतल्यावर

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे आजार संपला, असे नाही. थकवा आणि धाप कित्येक आठवडे राहू शकते. औषधांचा कोर्स बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये. सांगितलेले श्वासाचे व्यायाम करवून घ्यावेत. धाप वाढली, ओठ निळसर दिसू लागले किंवा गुंगी आली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. घरात प्राणवायूचे यंत्र असेल तर जुमेरातीचे लोबान, अगरबत्ती, मेणबत्ती त्या खोलीत पेटवू नये. प्राणवायूजवळ लहानशी ठिणगीही भडकते, आणि धूर तर आजारी फुप्फुसांचा शत्रूच आहे. विडी-सिगारेट घरातून हद्दपार करावी. वृद्धांसाठी फ्लूच्या व न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. २०२१ पासून देशभरातील बालकांना न्यूमोनियापासून संरक्षण देणारी पीसीव्ही लस शासकीय लसीकरणात मोफत दिली जाते. आपले बालक तिच्यापासून वंचित राहू नये.

आणि जर बोलावणे आलेच

सर्व काही करूनही काही रुग्ण आपल्यातून जातात. जीवन आणि मृत्यू अल्लाहच्या हाती आहे. डॉक्टरांनी आशा नसल्याचे सांगितले, तर यंत्रांबाबतचे निर्णय डॉक्टर, विश्वसनीय आलिम आणि घरातील जाणती माणसे यांच्या विचाराने शांतपणे घ्यावेत. अखेरच्या क्षणी कलिमा हळुवारपणे कानाशी म्हणावा. म्हणा, म्हणा असा तगादा लावू नये. ज्याच्या छातीत श्वास मावत नाही, त्याच्या ओठांच्या हालचालीही अल्लाह जाणतो. अल्लाहच्या मार्गात मारल्या गेलेल्यांखेरीज ज्यांना शहीद म्हटले आहे, त्यांच्या यादीत अबू दाऊदमधील हदीसनुसार जातुल-जंब म्हणजे बरगड्यांच्या आतील आवरणाच्या आजाराने मरण पावणाऱ्याचाही समावेश आहे. छातीच्या आजाराने गेलेल्या आपल्या माणसांसाठी आपण अल्लाहकडे अशीच मोठी आशा बाळगावी.

वाचकहो, आज रात्री जेवणानंतर घरातील सर्वांना एकत्र बसवून या गोष्टींपैकी निदान तीन ठरवून घ्या : विचारल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात काही घालावयाचे नाही, हात धुतल्याशिवाय खाटेजवळ जावयाचे नाही आणि सेवेची पाळी एकट्या बाईवर टाकावयाची नाही. आजार येण्यापूर्वी शिकलेली ही इबादत वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

हे अल्लाह, आमच्या आजाऱ्यांना पूर्ण शिफा दे. त्यांची सेवा करणाऱ्या घरच्यांना, डॉक्टरांना, परिचारिकांना आणि सफाई कामगारांना तुझ्याकडून उत्तम मोबदला दे. आमच्या प्रेमाला ज्ञानाची जोड दे आणि ज्यांचा श्वास तू परत घेतलास, त्यांना तुझ्या कृपाछत्राखाली जागा दे. आमीन.